हरणीची शेपटी

दवाखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षा थांबली तेव्हा कचरूनं पहिलं काम केलं ते हरणीच्या गळ्यातला पट्टा सोडायचं. बक्कल गंजलं होतं. त्यानं नख मोडून घेतलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली आणि शेवटी पट्टा ओढून सदऱ्याच्या खिशात कोंबला. पट्ट्याला पितळी घुंगरू होतं. ते खिशात एकदा वाजलं आणि गप्प झालं.

रिक्षावाला आरशातून बघत होता.

"मामा, पट्टा कशाला काढता? पळंल ना ती."

"पळायला अंगात जीव लागतो, बाबा."

कचरूची कुत्री हरणी पोत्याच्या घडीवर आडवी पडली होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, डोळे अर्धे मिटलेले. दोन दिवस तिनं भाकरीला तोंड लावलं नव्हतं, नुसतं पाणी पीत होती. कचरूनं तिला पोत्यासकट उचललं, तसं घुंगरू पुन्हा वाजलं आणि हरणीनं एक कान उभा केला. आपल्या गळ्यातला आवाज भलतीकडून कसा येतोय, हे तिला कळेना.

हर्सूलमधल्या आपल्या गल्लीत कचरू बिडगर थापांसाठी नावाजलेला होता. बापजाद्यांनी मेंढरं राखली, कचरूनं टेम्पो चालवला आणि म्हातारपणी दोन शेळ्या अन् एक बोकड पाळून तो ओट्यावर बसला. संध्याकाळी चार माणसं जमली की त्याची गाडी सुरू होई. हरणीनं म्हणे तळ्याच्या पाळीवरून एक बिबट्या पिटाळला, तो थेट दौलताबादच्या किल्ल्याच्या अंधारी भुयारात नेऊन कोंडला, आणि तो बिचारा अजून तिथं वटवाघळं खाऊन दिवस काढतो. एकदा जेलच्या भिंतीवरून कैदी पळाला, तर हरणीनं त्याचा पायजमा धरून त्याला परत फाटकावर हजर केलं. जेलरसाहेबांनी खूश होऊन तिला हवालदाराची टोपी दिली.

"टोपी दाखवा की मग," कुणीतरी म्हणे.

"खाल्ली तिनं. सरकारी कापड लई चवदार असतंय."

हे सगळं चालू असताना हरणी त्याच्या पायाशी पडून शेपटी ओट्यावर आपटत राही. भाकर झाली का, शेळ्या बांधल्या का, असल्या बोलण्याला तिची शेपटी हलत नसे. कचरूचा थापेचा सूर लागला, की हलायला लागे. म्हणून गल्लीत म्हणत, हरणीची शेपटी बघा, कचरूबुवांचं खरं किती ते कळतंय.

तर अशा माणसावर परवापासून बोलती बंद व्हायची वेळ आली होती. सरकारी दवाखान्यात एक रांग म्हशींची होती आणि एक शेळ्यांची. तिथल्या डॉक्टरनं हरणीचं पोट चाचपून सरळ सांगितलं, गर्भपिशवीत पू झालाय, पिशवी काढावी लागेल, आणि कुत्रीचं एवढं मोठं ऑपरेशन करायची सोय आमच्याकडं नाही. खासगीत न्या, पण उशीर करू नका. खासगीत म्हणजे औरंगपुऱ्याच्या पलीकडं एक काचेच्या दाराचा दवाखाना होता. आत शाम्पूचा वास येत होता. तिथल्या मुलीनं गोड आवाजात एक आकडा सांगितला. कचरूला वाटलं, कुत्रीबरोबर खाटही देत असतील.

"घरी इचारून येतो," असं म्हणून तो बाहेर पडला आणि बाहेरूनच त्यानं पुण्याला मुलाला फोन लावला.

"कुत्रीला? एवढे?" मुलगा म्हणाला.

"नाय रे, सहज इचारलं. शेजारच्यांची हाय."

नंतर औषधाच्या दुकानातल्या रामेश्वरनं त्याला जळगाव रोडवरच्या तनुजा मॅडमचं नाव सांगितलं. हात चांगला आहे, म्हणाला, आणि बेवारस कुत्र्यांचं तर त्या जवळजवळ फुकटात करतात; चांगल्या घरची माणसं तिथल्या पेटीत पैसे टाकून जातात. रामेश्वर सहज बोलून गेला. पण कचरूच्या डोक्यात एकच शब्द अडकून बसला, बेवारस.

आत गेल्यावर हनुमान नावाच्या कंपाउंडरनं केसपेपर काढला.

"कुत्रीचं नाव?"

कचरूनं तोंड उघडलं, मिटलं.

"बेवारशाला कसलं नाव? तळ्यावर सापडली."

"आणणाऱ्याचं?"

"कचरू बिडगर."

"कचरू?" हनुमान जरा हसला.

"व्हय. कचऱ्यातला कचरू. ल्ह्या."

स्टीलच्या टेबलावर हरणीला झोपवलं. डॉ. तनुजा तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हरणीची पापणी खाली ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या, पोटाला हात लावला.

"किती दिवस झाले असं?"

इथं कचरूनं "ठाऊक नाय" म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभराची खोड. एकदा सुरुवात केली की त्याची जीभ त्याच्या हातात राहत नसे.

"काल सांजच्याला पाळीवर गेलो, मॅडम, तर बाभळीखाली ही पडलेली. वरून कावळे टपलेले, खालून मोकाट कुत्री. मी आपलं उपरणं फिरवीत मधी घुसलो. म्हटलं, आधी मला खा, मग हिला..."

टप्. टप्. टप्.

हरणीची शेपटी टेबलावर आपटत होती. डोळे मिटलेले, अंग तापानं भाजतंय, आणि शेपटी तेवढी चालू. तिच्या लेखी ओट्यावरची संध्याकाळ सुरू झाली होती.

कचरूची गोष्ट तिथंच अडली.

"आवाज ओळखते वाटतं तुमचा," डॉक्टर म्हणाल्या.

"रातभर उशाशी बसलो ना. जनावर लई माया लावतंय."

तो तिला थोपटायला वाकला आणि खिशातलं घुंगरू वाजलं. हरणीनं मान उचलली.

"ते काय आहे?"

"शेळीचं घुंगरू हाय, मॅडम. शेळ्या हायेत दोन."

डॉक्टरांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग हरणीच्या गळ्याकडं. तिथले केस दबून गोल वळ पडला होता. त्यांनी काही विचारलं नाही. हनुमानला सलाइन लावायला सांगितलं आणि हात धुवायला वळल्या. कचरूला वाटलं, यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेरच्या बाकावर मांजराची टोपली मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. निवृत्त शिक्षिका, नाव शीलाताई. दार उघडंच होतं आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. कचरू बाहेर येताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाबा, लोक घरची कुत्री म्हातारी झाली की रस्त्यावर सोडून देतात. आणि तुम्ही रस्त्यावरची उचलून आणलीत. हिचा मालक मला एकदा भेटायला हवा होता."

"व्हय."

"चांगले चार शब्द सुनावले असते मी त्याला."

"सुनवायलाच पायजेत," कचरू म्हणाला आणि भिंतीवरच्या कृमींच्या तक्त्याकडं बघत राहिला.

शीलाताईंनी पर्स उघडली. पेटीत नोटा टाकताना त्यांनी हात आडवा धरला होता, किती टाकल्या ते कुणाला दिसू नये म्हणून. कचरूनं तरीही मान फिरवली. मग त्यांनी मोबाइल काढला. तो नको नको म्हणत असताना त्याला हरणीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. नेमकं त्याच वेळी हरणीनं त्याचा हात चाटला.

ऑपरेशन दुपारी झालं. कचरू बाहेर पायरीवर बसून होता, खिशावर हात दाबून, घुंगरू वाजू नये म्हणून. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा तो उठला नाही, नुसतं वर पाहिलं.

"निभावलं," त्या म्हणाल्या. "टाके वाळेपर्यंत इथंच राहू दे. मग कुठं सोडायचं ते बघू."

"सोडायचं म्हंजी?"

"बेवारस आहे ना?"

कचरूनं मान हलवली. होकाराची होती की नकाराची, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

घरी बायकोला, सखूबाईला त्यानं एवढंच सांगितलं, की डॉक्टरीण देवमाणूस आहे, स्वस्तात काम झालं. सखूबाईनं देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेजारची साळूबाई मोबाइल पुढं धरून अंगणात आली. तिच्या नातवाच्या ग्रुपवर फोटो आला होता. खाली लिहिलेलं साळूबाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'हर्सूलच्या या आजोबांनी एका बेवारस कुत्रीचे प्राण वाचवले. माणुसकी अजून जिवंत आहे.'

"माणुसकी लई चांगली दिसती फोटोत," साळूबाई म्हणाली. "पर ही हरणीच हाय ना वं?"

साळूबाई गेल्यावर सखूबाईनं हातातली भांडी खाली ठेवली.

"अवो, हरणी बेवारस कवापासून झाली?"

कचरू शेळीला पाला टाकत होता. टाकलेलाच पाला त्यानं पुन्हा उचलून टाकला.

"पैशाचं कसं करायचं व्हतं मग?"

"पैशाचं मी इचारलंच नाय. आईकत व्हती का ती तवा?"

"कोण?"

"हरणी."

कचरू तसाच पाल्याची फांदी धरून उभा राहिला. शेळीनं वाट पाहिली आणि शेवटी त्याच्या हातातूनच खायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसला नाही. गल्लीतली माणसं जाता-येता हाक देत होती. "बुवा, आम्हाला बी वाचवा की! आम्ही बी बेवारसच हाव!" तो आतल्या खोलीत बाजेवर पडून ते ऐकत होता. एरवी त्यानं अशा टोमण्याला बाजेवरूनच सव्याज उत्तर दिलं असतं.

दवाखान्यात तो रोज जात होता. हरणी उठून बसायला लागली, दूध-भात खाऊ लागली. तो आला की कुईकुई करून पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावी, आणि तो तिच्याशी बोलत नसे. हनुमान आसपास असे. हळूच बोट जाळीतून आत घालून तो तिचं नाक चोळी, इकडं-तिकडं बघून, चोरून. आठवडा सरताना डॉक्टर म्हणाल्या, "आनंदाची बातमी आहे. शीलाताई नेणार आहेत हिला. बंगला आहे, अंगण आहे. उद्या सकाळी येतील. तुम्हीही या. सोडवून आणणारे तुम्हीच."

"लई चांगलं झालं," कचरू म्हणाला. घरी जाताना तो दोन थांबे पुढं गेला आणि मग चालत मागं आला.

सखूबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही, आणि कचरूला तेच जास्त लागलं. सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला, तर ती कोठीपुढं बसून सुपात बाजरी पाखडत होती. पाखडलेली बाजरी तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीनं एकदाच उचलली, धुतलेल्या रुमालात बांधली आणि त्याच्या पुढं धरली.

"हे काय?"

"तुमाला कितीला घेतलं व्हतं?"

ही गोष्ट कचरूनं ओट्यावर शंभरदा सांगितली असेल. त्याच्या तोंडून ऐकताना उकिरड्यावर नाग फणा धरून बसलेला असे आणि आभाळातून फुलं पडत. खरं होतं ते एवढंच, की त्याच्या आधीची लेकरं आईच्या मांडीवर गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, 'हे आमचं नाय, कचरा हाय,' असं म्हणून. शेजारच्या सत्यभामाआत्यानं त्याला उचललं, आणि आईनं पसाभर बाजरी तिच्या पदरात घालून आपलं लेकरू परत घेतलं. तेव्हापासून तो कचरू.

"सासूबाई बी खोटंच बोलल्या व्हत्या," सखूबाई म्हणाली. "जगावं म्हणून. पर त्या परत घ्यायला गेल्या."

दवाखान्यात शीलाताई आधीच आल्या होत्या. मोरपंखी साडी नेसून, सणाला निघाल्यासारख्या. हातात नवाकोरा लाल पट्टा होता. हनुमाननं हरणीला बाहेर आणलं. ती अडखळत, पोट सांभाळत निघाली, लाल पट्टा टाळून सरळ कचरूच्या पायांवर येऊन बसली.

"बघा, विसरली नाही तुम्हाला," शीलाताई म्हणाल्या.

कचरूनं बोलायचं काय ते वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. एक गोष्ट तर मोठी झकास जमली होती. तिच्यात चोर होते, हरवलेला पट्टा होता आणि स्वप्नात आलेला खंडोबा होता. त्यानं खाली पाहिलं. हरणी त्याच्याकडं बघत होती.

त्यानं खिशात हात घालून पट्टा बाहेर काढला. घुंगरू वाजलं.

"हिचं नाव हरणी," तो म्हणाला. "माझीच हाय. पिलू व्हती तवापासून."

टोपलीतल्या कुणाच्या तरी मांजरानं ओरडून घेतलं. कचरूनं रुमाल सोडला, बाजरी दोन्ही हातांत घेतली आणि शीलाताईंच्या पुढं धरली. थोडे दाणे फरशीवर सांडले.

"तुमी उचलली हिला. मी टाकली व्हती. आमच्यात टाकलेलं परत घ्यायचं तर पसाभर बाजरी देत्यात. मला बी आईनं तसंच घेतलं व्हतं."

शीलाताई गोंधळून हात पुढं करायला लागल्या.

"हातात नाही," डॉ. तनुजा टेबलापाशी मान खाली घालून लिहीत होत्या, तिथूनच म्हणाल्या. "पदरात घ्या, ताई."

शीलाताईंनी मोरपंखी पदर पुढं घेतला. बाजरी त्यात पडताना बारीक आवाज झाला.

"मला खरं सांगितलं असतंत, तरी मी पैसे दिले असते हो," त्या हळू म्हणाल्या.

"व्हय," कचरू म्हणाला. "पर मंग ते मला दिल्यासारखं झालं असतं."

त्यांनी पदराला गाठ मारली. लाल पट्टा पर्समध्ये ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"फोटो काढून टाकते मी तो."

"ऱ्हाऊ द्या. आमच्याकडच्या लोकायनी वळखलीय ती."

डॉक्टरांनी केसपेपर पुढं ओढला आणि एका शब्दावर रेघ मारली.

"मालक सापडला म्हणजे आता बिल निघणार, बाबा. पेटीतले पैसे पेटीत जातील."

"निघू द्या. बोकडाला गिऱ्हाईक बघून ठेवलंय." तो जरा थांबला. "मॅडम, तुमाला पयल्या दिवशीच ठाऊक व्हतं ना?"

"तिच्या गळ्यावर वळ होता."

"मंग बोलला का नाय?"

"तुम्ही बोलाल म्हणून," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी हरणी ओट्यावर आपल्या जागी, पोत्याच्या घडीवर पडली होती, गळ्यात घुंगरू. गल्ली तर टपलेलीच होती. चार जण जमले, मागं आणखी दोघं येऊन उभे राहिले. साळूबाई दारातच बसली. सखूबाई उंबऱ्यात लसूण सोलत होती.

"हं बुवा, होऊ द्या," एक जण म्हणाला. "बेवारस हरणी कशी सापडली?"

कचरूनं सांगितलं. फाटकाबाहेर पट्टा काढला तिथपासून सांगितलं. कावळे आणि मोकाट कुत्री नव्हती असं सांगितलं. बाईनं नोटा टाकताना हात आडवा धरला होता, तेही सांगितलं. बाजरीचं सांगितलं, पदराचं सांगितलं. उपरणं तोंडावरून फिरवलं आणि थांबला.

मागून कुणीतरी खो-खो हसलं.

"बंगलेवाल्या बाईनं पदर पसरला? बाजरीला?"

"अन् डॉक्टरीण म्हणाली, पदरात घ्या! आई गं!"

"बुवा, बिबट्या परवडला की वो. आज लईच मोठी सोडली."

माणसं पोट धरून हसत होती. साळूबाई डोळे पुसत होती. कचरू एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

सखूबाईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली होती. ती हरणीकडं बघत होती. हरणी डोळे उघडे ठेवून, कचरूच्या पायावर हनुवटी टेकून पडली होती. तिची शेपटी जराही हलत नव्हती.